सेरेब्रल पाल्सी : बालकांसाठी उपचारपद्धतींची निवड

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला गर्भावस्थेत, जन्मावेळी किंवा बाल्याच्या आरंभी झालेल्या इजेमुळे हालचाल व शरीरस्थितीत उद्भवणारे कायमचे विकार. मेंदूतील इजा वाढत नाही. सांध्यांचे आखडणे आणि खुब्याचे सरकणे मात्र वयाबरोबर वाढू शकते. त्यामुळे मुलाला नवे कौशल्य शिकवणारे उपचार आणि शरीराची पुढची झीज टाळणारे उपचार यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून हे उपचार घराण्यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले : लंडनचे बोबाथ दांपत्य, चेकोस्लोव्हाकियातील वाक्लाव्ह वोइटा, बुडापेस्टचे आंद्राश पेतो. बोबाथ पद्धतीचा उगम सामान्यतः १९४० च्या दशकात मानला जातो. बेर्टा बोबाथ यांनी अर्धांगवायू झालेल्या एका प्रौढ चित्रकारावर उपचार करताना जे पाहिले, त्यातून ही पद्धत आकाराला आली व पुढे बालकांकडे वळली. ताठरपणा आणि आदिम (तान्हेपणीच्या) प्रतिक्षिप्त क्रिया हाताने दाबल्या की ‘सामान्य’ हालचाल वाट काढते, हे तिचे मूळ गृहीतक. स्थिर आसनांत मूल धरून ठेवण्याची आरंभीची रीत खुद्द बोबाथ यांनीच पुढे बदलली, आणि वादाचे मूळ इथेच आहे. आयोना नोव्हाक व सहकाऱ्यांच्या २०१३ च्या पुरावा-आढाव्यात ही पद्धत थांबवण्याजोग्या उपचारांत गणली गेली. तपासलेले अभ्यास जुन्या स्वरूपाचे होते, आजची पद्धत सक्रिय व उद्दिष्टनिष्ठ आहे, असे समर्थकांचे म्हणणे. २०२० च्या आढाव्यात हा आक्षेप मूळच्या निष्क्रिय स्वरूपापुरता सीमित झालेला दिसतो. तथापि, सक्रिय सराव हाच गाभा असेल तर घराण्याचे नाव नेमके काय वेगळे देते, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. डोमन–डेलाकाटो यांच्या ‘पॅटर्निंग’बाबत (मुलाचे हातपाय व डोके इतरांनी ठरलेल्या क्रमाने पुन्हापुन्हा हलवणे) असा मतभेद उरलेला नाही, अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९६८ पासून वेळोवेळी त्याविरुद्ध भूमिका घेतली आहे.

निवडीसाठी विकाराचा प्रकार, वय आणि जीएमएफसीएस स्तर (स्थूल हालचालींच्या क्षमतेचे वर्गीकरण : १ सर्वांत सौम्य, ५ सर्वांत गंभीर, १९९७ पासून रूढ) पाहतात. स्तर १ मधील मूल आपल्या स्थूल हालचालींच्या क्षमतेच्या सुमारे ९० टक्क्यांपर्यंत पाचव्या वर्षाच्या आसपास पोहोचते, स्तर ५ मधील तिसऱ्या वर्षाआधीच. उद्दिष्ट नेमके हवे. ‘हात सुधारावा’ याने काही ठरत नाही. ‘डाव्या हाताने डबा धरून उजव्याने झाकण उघडणे’ याने सरावाचे साहित्य, जागा आणि मोजमाप तिन्ही ठरतात. हाताचे असे एखादे काम साधण्यास सुमारे १४ ते २५ तासांचा सराव लागतो, हाताची एकूण क्षमता वाढण्यास ३० ते ४० तास. आठवड्यातून दोनदा अर्धा तास उपचार मिळाले तर एका कामालाच तीन ते सहा महिने जातील. घरचा कार्यक्रम म्हणूनच उपचाराचाच भाग ठरतो.

अर्धांग प्रकारात चांगला हात मोजा किंवा स्प्लिंटमध्ये ठेवून दुसऱ्या हाताकडून काम करवून घेतात. रोज सुमारे दोन तास, काही आठवडे. हात बांधला पण खेळ क्रमाने अवघड केला नाही, तर मूल फक्त चिडते. फार सोपा खेळ दिला तरी प्रगती होत नाही. दोन्ही हातांची कामे यानंतर शिकवावीच लागतात. तास समान असतील तर थेट दोन्ही हातांच्या सरावानेही जवळपास तेवढाच लाभ होतो.

ताठरपणा कमी झाला म्हणजे कौशल्य आले, असे होत नाही. स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम इंजेक्शनचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. त्या काळात सराव झाला नाही तर संधी वाया जाते. कायमच्या आखडलेल्या स्नायूला ते लांब करत नाही. पोटरीच्या सौम्य आखडण्याला दर आठवड्याला बदलत जाणारी प्लॅस्टरे उपयोगी पडतात. काही मिनिटे हाताने ताण देण्याला मात्र फारसा आधार नाही. दोन्ही पायांच्या ताठर प्रकारात टाचेची शीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारी कंडरा) शस्त्रक्रियेने जास्त लांबवली तर मूल गुडघे वाकवून चालू लागते, आणि ते दुरुस्त करणे पायाच्या चवड्यांवर चालण्यापेक्षा अवघड. मज्जारज्जूच्या निवडक संवेदी मुळ्या कापण्याची शस्त्रक्रिया प्रामुख्याने स्तर २–३ च्या ताठर मुलांसाठी आहे. ताठरपणाखाली झाकलेला अशक्तपणा तिच्यानंतर उघडा पडतो, म्हणून पुढे कित्येक महिने बळकटीचे व्यायाम ठरलेले. डिस्टोनिया (स्नायू आपोआप आवळून अवयव पिळवटणे) प्रबळ असल्यास ती टाळतात.

खुब्याचे सरकणे कोणत्याही व्यायामपद्धतीने भरवशाने थांबत नाही. स्तर १ मध्ये ते जवळजवळ आढळत नाही, स्तर ५ मध्ये सुमारे ९० टक्के मुलांत होते. वेदना नाही म्हणून क्ष-किरण चित्र लांबवणे ही नेहमीची चूक. पहिले चित्र १२ ते २४ महिन्यांच्या वयात काढतात. मांडीच्या हाडाचे डोके खोबणीबाहेर ३० टक्क्यांहून अधिक गेले, की अस्थिशल्यचिकित्सकाकडे पाठवतात.

डिस्टोनिया व अनियंत्रित हालचालींच्या प्रकारांत बॅक्लोफेन पंप (ताठरपणा कमी करणारे औषध मज्जारज्जूभोवती सोडणारे उपकरण) आणि मेंदूतील खोल उत्तेजन (मेंदूत बसवलेल्या तारांतून विजेचे सौम्य स्पंद देणे) यांचा निवडक वापर होतो. तोल व समन्वय बिघडलेल्या ॲटॅक्सिक प्रकाराविषयी अभ्यास तुरळक असून, तिथे उपचार बहुतांशी इतर प्रकारांवरील अनुभवावरून ठरवले जातात.