धरणाचा वर्ग धरणाकडे बघून ठरत नाही

मातीच्या छोट्या धरणाच्या नावापुढे 'हाय हॅझर्ड' (मोठा धोका) लिहिलेलं दिसलं की लोक हादरतात, आता हे फुटणारच असं वाटतं. आणि 'लो हॅझर्ड' दिसलं की निवांत होतात, चला, धरण मजबूत आहे. दोन्ही समज चुकीचे आहेत आणि त्यातला दुसरा तर जिवावर बेततो.

कारण हा शेरा धरणाच्या तब्येतीवर नसतोच, धरणाच्या खालच्या अंगाला काय आहे त्यावर असतो. अमेरिकेतली पद्धत सांगतो, ती समजायला सोपी आहे. धरण फुटलं असं धरूनच चालायचं, कसं फुटलं, का फुटलं हा प्रश्नच नाही, आणि मग विचारायचं की पाणी कुठे जाईल. खाली मालकाचंच रान, नुकसान झालं तर बहुतेक त्याचंच, तर लो. माणूस दगावायची शक्यता नाही पण रस्ता, पूल, पाण्याची लाइन, दुसऱ्याची मालमत्ता जाणार, तर सिग्निफिकंट. एक जरी जीव जाण्याची शक्यता असली तर हाय. धरणाची अवस्था चांगली, बरी की वाईट हा शेरा वेगळा असतो. म्हणजे ठणठणीत धरण हाय हॅझर्ड असू शकतं, आणि पार खिळखिळं झालेलं धरण लो. तिथल्या राष्ट्रीय नोंदवहीत ९० हजारांहून जास्त धरणं आहेत, बहुतेक मातीची, आणि त्यातली सुमारे १६ हजार हाय वर्गात येतात.

आता कुणी म्हणेल की एवढ्याशा तळ्याने काय होणार. हिशोब करून बघा. १ लाख घनमीटरचं तळं म्हणजे १ लाख टन पाणी. भरावाला १० मीटर रुंदीचं भगदाड पडलं आणि तिथे पाणी ५ मीटर खोल असलं, तर सेकंदाला जवळपास १९० घनमीटर पाणी बाहेर पडतं, आणि भगदाड तेवढंच राहत नाही, पाणी त्याच्या कडा खात जातं. तळं काही मिनिटांत अर्धं रिकामं. आणि गुडघाभर पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने आलं तरी धडधाकट माणसाचे पाय उचलले जातात, लहान मूल तर उभंच राहू शकत नाही.

मातीचं धरण पाणी पूर्ण अडवतं हाही एक गैरसमज. ते पाझरतंच, पाझरायलाच हवं, फक्त हळू आणि आपण म्हणू त्या वाटेने. मध्ये चिकणमातीचा गाभा असतो, तो पाण्याचा जोर कमी करतो, आणि त्याच्या मागे वाळूचा गाळणथर असतो जो पाणी जाऊ देतो पण मातीचे कण अडवतो. ही वाळू जाड असली तर माती तिच्यातून निसटते, फार बारीक असली तर पाणीच तुंबतं, म्हणून कोणत्या मातीला कोणती वाळू याचे नियम आहेत, आणि त्यांचा पाया कार्ल टेर्झागी या अभियंत्याने गेल्या शतकात घातला. मोठ्या धरणात बहुतेक हे सगळं असतं. पण गावाकडचं छोटं धरण बऱ्याचदा जवळच्या जवळ मिळाली ती माती ढकलून, वरवर दाबून केलेलं असतं, त्यात गाळणथर कुठला!

मग पाण्याला एक बारीक वाट सापडते. मेलेल्या झाडाचं कुजलेलं मूळ, उंदराघुशीचं बीळ, किंवा भरावातून आरपार गेलेला जुना लोखंडी पाइप, ज्याच्या बाहेरच्या अंगाला माती कधीच नीट दाबली गेली नव्हती (पाइपाच्या पोटाखाली दाबयंत्र पोचत नाही, तिथे हाताने ठोकावं लागतं आणि ते कुणी करत नाही). पाणी त्या वाटेने एकेक कण बाहेर नेतं, वाट रुंदावते, जास्त पाणी येतं, ते अजून माती नेतं. हे धरणाच्या पोटात चालतं आणि वरून गवत हिरवंगार दिसत राहतं.

म्हणून पायथ्याला जाऊन बघणं याला पर्याय नाही. पाझराचं पाणी काचेच्या ग्लासात घ्यायचं आणि तासभर ठेवून द्यायचं. तळाशी काहीच बसलं नाही तर धरण नुसतं पाझरतंय. तळाशी मातीचा पातळसा थर दिसला तर धरण आतून झिजतंय, आणि त्याच दिवशी धरणाच्या अभियंत्याला फोन करायचा, पुढच्या महिन्यात नाही. पायथ्याजवळ जमिनीतून पाणी बुडबुडत वर येतंय आणि भोवती वाळूचं छोटंसं कडं जमलंय, मुंग्यांच्या वारुळासारखं, तर तेही तितकंच गंभीर. आणि पाझर अचानक थांबला तर खूश होऊ नका, आत काहीतरी ढासळून वाट बुजली असू शकते आणि पाणी दुसरी शोधतंय.

मातीची धरणं फुटतात त्यातली साधारण निम्मी अशी आतून झिजून, आणि जवळपास तितकीच माथ्यावरून पाणी वाहून. माथ्यावरून पाणी गेलं की खालचा उतार धुपायला लागतो आणि तिथून पुढे फार वेळ लागत नाही. ते होऊ नये म्हणून सांडवा असतो, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट. तो किती मोठा हवा हे अमेरिकेत हॅझर्डच्या वर्गावर ठरतं, खाली माणसं असतील तर कल्पनेत येईल तो सगळ्यात मोठा पूर धरायचा, नसतील तर बऱ्याचदा १०० वर्षांतून एकदाचा चालतो. हा '१०० वर्षांचा' शब्द फार फसवा आहे. त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता, आणि धरण ५० वर्षं उभं राहिलं तर त्या काळात असा पूर एकदा तरी यायची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपास जाते.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स धरण हे छोट्या धरणाने केवढा घात होतो याचं एक दुःखद उदाहरण. उंची साधारण साडेअकरा मीटर, लांबी सव्वाशे मीटरच्या आत, पाणी पावणेआठ लाख घनमीटर. आधी त्या पाण्यावर वीज करायचे, १९५७ नंतर ते बंद झालं आणि तळं नुसतं मासे पकडायला, फिरायला राहिलं. भरावाचा खालचा उतार फार खडा, त्यावर झाडं वाढलेली. ६ नोव्हेंबर १९७७ ला, जोरदार पावसानंतर, रात्री दीडच्या सुमाराला ते फुटलं, लोंढा टोकोआ धबधब्यावरून खाली कोसळला आणि खालच्या कॉलेजच्या वस्तीत घुसला. लोक झोपेत होते. ३९ जण गेले. एकच एक कारण तपासात ठरवता आलं नाही, पण उतार घसरला आणि पाझराने त्याला हातभार लावला असा अंदाज निघाला. आणि १९७३ चा एक फोटो मिळाला ज्यात त्याच उतारावरचा मातीचा तुकडा आधीच घसरलेला दिसतो. म्हणजे फुटायच्या चार वर्षं आधी.

आपल्याकडच्या २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याला हे लावून बघितलं. त्यात १५ मीटरपेक्षा उंच धरणं सगळी येतात, १० ते १५ मधली लांबी, साठा, पूर अशा काही अटींवर येतात, १० च्या खालची येत नाहीत. लांबी ५०० मीटर हवी, किंवा साठा १० लाख घनमीटर, किंवा पुराचा विसर्ग सेकंदाला २००० घनमीटर. केली बार्न्स या तिन्हींत बसत नाही. माझं स्पष्ट मत आहे की उंची मोजून धोका ठरवणं पुरेसं नाही, आधी खालची घरं मोजा.

आणि घरं वाढत असतात. धरण बांधलं तेव्हा खाली नुसतं रान होतं म्हणून लो लिहिलं, पुढे जमिनीचे तुकडे पडले, रस्ता आला, ओढ्याकाठी चार घरं उठली, धरणाची एक ढेकूळही हलली नाही पण वर्ग मात्र बदलला. कागदावर तो बदलतोच असं नाही. हवाईतलं का लोको धरण, १८९० सालचं, उसाच्या मळ्यासाठी बांधलेलं, १४ मार्च २००६ ला पहाटे फुटलं तेव्हा कागदावर लो हॅझर्डच होतं. ७ माणसं गेली.

केली बार्न्स फुटलं तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष जिमी कार्टर होते, ते स्वतः जॉर्जियाचे माजी गव्हर्नर. त्यांनी देशभरातली खालच्या वस्तीला धोका असलेली, सरकारी मालकीची नसलेली धरणं तपासायला लावली. १९८१ पर्यंत सुमारे ८,८०० धरणं तपासून झाली आणि त्यातली सुमारे २,९०० असुरक्षित निघाली. त्यातल्या बहुसंख्य ठिकाणी दोष एकच होता, सांडवा लहान.