हृदयरोगाच्या स्टडीत नाव घालण्याआधी: सोलापूरकरांसाठी पात्रता, कागदपत्रं आणि सहीची गोष्ट

ओपीडीत डॉक्टर म्हणतात, "काका, तुमच्या आजारावर एक स्टडी चालू आहे, बघता का?" घरी आल्यावर लगेच दोन तट पडतात. मुलगा म्हणतो, औषध फुकट मिळतंय तर घ्या की. सून म्हणते, आपल्यावर प्रयोग कशाला?

प्रयोग असतो, हे खरंच आहे. पण त्याची गरजही खरी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांतल्या 'इंटरहार्ट' अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक साधारण ५३व्या वर्षी आलेला दिसला. इतर ठिकाणी तेच वय ५९च्या आसपास होतं. आपलं दुखणं लवकर येतं, तर औषधही आपल्या माणसांवर तपासलेलं हवं.

इथे सरकारी योजनेसारखा अर्ज नसतो. सेतूत जायचं नाही, एजंट लागत नाही, आणि नाव घालायला कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. तुम्ही मागायचा तो सीटीआरआय क्रमांक. भारतातल्या प्रत्येक क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे माणसांवर उपचार तपासणाऱ्या अशा स्टडीची, नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते. १५ जून २००९ पासून ते सक्तीचं आहे. क्रमांक वेबसाइटवर टाकला की कोणतं औषध, किती रुग्ण, कोणत्या गावातलं कोणतं केंद्र, सगळं दिसतं. साइट इंग्रजीत आहे, कॉलेजात जाणाऱ्या नातवाला बसवा.

पात्रता प्रत्येक स्टडीची वेगळी. हार्ट फेल्युअरची असेल तर टूडी इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवरचा 'ईएफ'चा आकडा, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते, आधी बघतात. ४० टक्के किंवा त्याखाली ही नेहमीची रेघ. मग वय, किडनीसाठी क्रिएटिनिन, गरोदरपण, दुसऱ्या स्टडीत आधीच नाव आहे का, हे येतं. न बसल्यास वाईट वाटून घेऊ नका. तो नकार बऱ्याचदा तुमच्या सुरक्षिततेसाठीच असतो.

सोबत डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी, जुने ईसीजी, टूडी इको आणि ओळखपत्र न्या. प्रवासखर्च देणार असतील तर पासबुकची झेरॉक्स लागू शकते. चालू गोळ्यांची यादी नेण्यापेक्षा गोळ्यांची पिशवीच न्या. यादीत मेडिकलवाल्यानं बदलून दिलेली गोळी नसते, वैद्यांकडचं चूर्ण तर नसतंच.

खरा कागद मात्र संमतीपत्र, आणि घोळ होतो तो इथेच. माझ्या ओळखीच्या एका विडी कामगार मावशींपुढे चौथं पान उघडून ठेवलं होतं. "इथं अंगठा करा." आधीची तीन पानं कुणी वाचलीच नव्हती. मावशींना मराठी बोलता येतं, पण समजून घ्यायची भाषा तेलुगू. २०१९च्या औषध व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार माहिती सहभागी व्यक्तीला कळणाऱ्या भाषेतच द्यावी लागते. त्यामुळे सोलापूरच्या पूर्व भागातल्या माणसानं तेलुगू आणि अक्कलकोटकडच्या माणसानं कन्नड प्रत मागितली तर तो आगाऊपणा नाही. लिहिता-वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर लागतो, नुसता सहीपुरता नाही. माहितीपत्रक आणि सही झालेल्या संमतीपत्राची प्रत घरी न्यायला मिळालीच पाहिजे. मावशींना ती मिळाली नव्हती.

फॉर्मवर शिक्षण, धंदा, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनी असे रकाने असतात. उत्पन्न लिहिलं की रेशनकार्ड जाईल अशी भीती अनेकांना वाटते. त्याचा इथे संबंध नाही. नॉमिनी मात्र कोरा ठेवू नका. ट्रायलमुळे मृत्यू झाला तर भरपाई त्या नावावर येते. ती ८ लाख रुपये पाया धरून वय आणि आजाराच्या धोक्यानुसार काढतात. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत. दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर लगेच फोन करा, कारण अशी गंभीर घटना डॉक्टरांना २४ तासांत वर कळवावी लागते.

सहीआधी एवढं विचाराच: मला खरी गोळी मिळणार की तशीच दिसणारी, औषध नसलेली? कोणत्या गटात जाल ते बहुधा संगणकाच्या चिठ्ठीवर ठरतं, ओळखीनं बदलत नाही. तपासणीच्या तारखाही बघून घ्या. केंद्र पुण्याला असेल आणि तारीख गड्ड्याच्या यात्रेत किंवा आषाढीला आली तर चार दिवस मागेपुढे चालतं का, हे आधीच लिहून घ्या.

ट्रायलला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीत किमान सात जण असतात. त्यात डॉक्टर नसलेला सामान्य माणूस, कायद्याचा जाणकार आणि एक तरी महिला लागते. निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे. तक्रार असेल तर तिथे करा.

मधेच बाहेर पडायची मुभा कधीही आहे, कारणही द्यावं लागत नाही आणि त्यावरून नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. फक्त गोळ्या आपल्या मनानं एकदम बंद करू नका. हृदयाचे ठोके हळू करणाऱ्या बीटा ब्लॉकरसारखी औषधं अचानक तोडली की छातीचं दुखणं उसळू शकतं. आधी डॉक्टरांना सांगा, उरलेल्या गोळ्या मोजून परत करा.