प्लास्टिक स्केल मॉडेल कार : बांधणी आणि कस्टमायझेशन

प्लास्टिक स्केल मॉडेल कार म्हणजे खऱ्या गाडीची ठरावीक मापात लहान केलेली प्रतिकृती, जी सुट्या भागांच्या किटमधून आपणच जोडायची, घासायची अन् रंगवायची असते. हॉट व्हील्स किंवा माइस्टोच्या धातूच्या गाड्या तयारच मिळतात, त्यांना डायकास्ट म्हणतात, तो छंद शेजारचा पण वेगळा. किटचे भाग पॉलिस्टायरीनचे असतात अन् एका प्लास्टिकच्या चौकटीला चिकटून येतात, त्या चौकटीला स्प्रू म्हणतात. डब्यात बॉडी, चेसिस, सीटा, डॅशबोर्ड, काचा, रबरी टायर आणि नंबरप्लेट-लोगोसाठी पाण्यात भिजवून लावायचे डिकल निघतात.

सगळ्यात जास्त चालणारं माप १:२४, जपानी कंपन्या बहुतेक ह्याच मापात कार काढतात. अमेरिकन किट बरेचसे १:२५ चे. खरी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मुंबईची जुनी काळी-पिवळी टॅक्सी, साधारण ३.९ मीटर लांब, ती १:२४ मध्ये सोळा सेंटीमीटरच्या आसपास येते, म्हणजे तळहातावर मावते. १:१२ ची किट मोठी अन् महाग, पण इंजिनाच्या वायरी आणि पाइप दाखवायची हौस असेल तर मजा त्यातच आहे.

अमेरिकेत एएमटी कंपनी आधी गाड्यांच्या डीलरांसाठी छोटी तयार मॉडेल बनवायची, मग १९५८ पासून तिने ‘थ्री-इन-वन’ किट काढली : एकाच डब्यातून कंपनीची मूळ गाडी करा, नाहीतर कस्टम, नाहीतर रेसची. कस्टम करणं ह्या छंदाचा भाग झालं ते बऱ्याच अंशी ह्या डब्यांमुळे. जपानच्या शिझुओका शहरातली तामिया अचूकपणासाठी प्रसिद्ध झाली, १:१२ मधलं तिचं पहिलं कार किट १९६७ चं, रेसची होंडा एफ-वन. पुढे पोर्शचं मॉडेल नीट यावं म्हणून तामियाने खरी पोर्श ९११ विकत घेऊन पूर्ण खोलली. ज्याला मॉडेलची आवड आहे त्याला ह्यात काही जगावेगळं वाटणार नाही.

जोडकामाचं तत्त्व सोपं आहे. मॉडेलचा पातळ सिमेंट म्हणजे खरं तर सॉल्व्हंट, तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो आणि सुकला की दोन्ही तुकडे एकजीव होतात. फेविक्विक सगळीकडे चालत नाही, विशेषतः काचेजवळ अजिबात नको, त्याच्या वाफेने पारदर्शक भागावर पांढरं धुकं बसतं. काचेला फेविकॉलसारखा पांढरा गोंद बरा, सुकल्यावर दिसतच नाही. भाग स्प्रूवरून पिळून तोडायचा नाही, निप्परने थोडं अंतर ठेवून कापायचा अन् उरलेलं टोक घासायचं. आणि काहीही चिकटवायच्या आधी सगळं सुकं लावून बघायचं, बॉडी चेसिसवर बसते का, चाकं चारही टेकतात का. चारपैकी एक चाक हवेत राहिलेली गाडी रंगाने कितीही सुंदर असली तरी डोळा तिथेच जातो.

पण कार मॉडेलमध्ये खरी परीक्षा बॉडीची. रणगाड्यावर चिखल, गंज दाखवून चुका झाकता येतात, चकचकीत गाडीवर झाकायला जागाच नसते. साच्याच्या जोडाची बारीक रेघ बहुतेक वेळा मडगार्डवरून किंवा छताच्या कडेने जाते, ती आधी घासून काढायची. खड्डे पुट्टीने भरायचे, गॅरेजवाले ज्याला लांबी भरणं म्हणतात तेच काम, फक्त नखाएवढ्या जागेत. मग ४०० चा वॉटर पेपर, पुढे ८०० किंवा १०००, भांड्याच्या साबणाने धुणं, प्रायमर म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, आणि प्रायमर मारला की आधी न दिसलेले सगळे ओरखडे समोर येतात, म्हणून परत घासणं. रंगाचे हात पातळ द्यायचे, तीन-चार. जाड मारला की दरवाजाच्या रेघा बुजतात, वरचा थर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. शेवटी क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, तो पूर्ण सुकल्यावर २००० चा पेपर पाण्यात भिजवून हलका हात आणि मग चकाकी आणायचं कंपाउंड. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी थिनर मात्र उघड्या प्लास्टिकवर लावू नये, बॉडी वितळते.

मुंबईत ह्या सगळ्यावर हवेचं राज्य चालतं. जून ते सप्टेंबर दमटपणा इतका असतो की लॅकर (झटपट सुकणारा रंग) मारला आणि त्यातलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग थंड पडला की हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि काळा रंग दुधाळ होतो. ह्याला ब्लशिंग म्हणतात. मी एकदा ऑगस्टात, पाऊस तासभर थांबला म्हणून गॅलरीत उभं राहून काळा मारला होता, दहा मिनिटांत बॉडीवर राख फासल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी हळू सुकणाऱ्या रिटार्डर थिनरचा बारीक फवारा दिला तेव्हा कुठे काळा परत आला. म्हणून इथले बरेच जण पावसाळ्यात जोडकाम, घासकाम, आतलं डॅशबोर्डचं ब्रशकाम उरकतात आणि बॉडीचा रंग डिसेंबर-जानेवारीवर ठेवतात. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारायचं पेन) वापरत असाल तर कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साचतं, ते अडवणारा मॉइश्चर ट्रॅप हवाच. आणि वन रूम किचनमध्ये हे करणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये : शेजारी गॅस पेटलेला असताना थिनर उघडायचा नाही. खिडकी उघडी, फवाऱ्याचा मास्क तोंडावर, लहान पोरं बाहेर.

कस्टमायझेशन म्हणजे डब्यातल्या गाडीला आपल्या मनासारखी करणं. सस्पेन्शन कापून गाडी खाली बसवणं, छताचे खांब कापून छत बुटकं करणं (त्याला चॉपिंग म्हणतात), दुसऱ्या किटची चाकं किंवा इंजिन लावणं, प्लास्टिक शीटपासून स्पॉयलर बनवणं, दोन-तीन किटचे भाग एकत्र करणं म्हणजे किटबॅशिंग. सामान मुंबईत शोधलं तर सापडतं : बारीक कानशी, ड्रिल नागदेवी स्ट्रीटला, हेडलाइटसाठी छोटे एलईडी लॅमिंग्टन रोडला, इंजिनाच्या वायरींसाठी तांब्याची तार लोहार चाळीत. किट मात्र बहुतेक बाहेरूनच येते आणि महाग पडते. स्केल मॉडेल सीमाशुल्क खात्याच्या हिशेबात खेळण्यांतच मोडतात, आणि खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. कॉलेजच्या पोराला पॉकेटमनीत हे झेपत नाही, ही खरोखर वाईट गोष्ट आहे.

आता आपल्याकडचा मुद्दा. डब्यांवर मस्टँग, स्कायलाइन, पोर्श दिसतात, आपण ज्या गाडीत बसून मोठे झालो ती काळी-पिवळी जपानी-अमेरिकन मोठ्या कंपन्यांच्या यादीत नाही. म्हणून मुंबईकराला ती हवी असेल तर कस्टमच करावी लागते, प्लास्टिक शीटमधून कोरून किंवा कॉम्प्युटरवर काढून रेझिन थ्रीडी प्रिंटरवर छापून. पद्मिनी मुळात फियाटचीच गाडी, पण दुसऱ्या फियाटची चाकं उसनी घ्यायची सोयही सरळ नाही : तामियाची १:२४ फियाट ५०० मिळते, पण तिची रिम १२ इंची अन् पद्मिनीची १४ इंची, म्हणजे मॉडेलवर दोन मिलिमीटरचा फरक, आणि तेवढ्याने गाडी पायात आखूड चपला घातल्यासारखी दिसते.

रंगाचा क्रम इथे महत्त्वाचा. पिवळा रंग फार पातळ झाकतो, काळ्यावर मारला तर हिरवट दिसतो, त्यामुळे आधी पांढरा प्रायमर, मग छताला पिवळा, तो पूर्ण सुकला की पाणी निथळायच्या पट्टीखाली मास्किंग टेप नखाने दाबून बसवायची, टेपच्या कडेवर पातळ क्लिअरचा एक हात द्यायचा म्हणजे फट बुजते, आणि शेवटी काळा. टेप काढताना रेघ सरळ निघाली की त्या क्षणी गाडी टॅक्सी होते. मग बॉनेटच्या डावीकडे बाहेर बसवलेला जुना मेकॅनिकल मीटर, छतावर सामानाचा कॅरियर, पिवळी पाटी काळ्या अक्षरांत, एमएच ०१. आत स्टिअरिंगजवळचा गिअर, पुढची सलग सीट, छताला फुलाफुलांचं कापड, ते कागदावर छोटं छापून चिकटवता येतं.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनणाऱ्या ह्या गाडीला पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये मिळालं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. तेव्हापासून माप घेणं अवघड झालंय. आता कुणाच्या सोसायटीत खासगी पद्मिनी उभी दिसली तर मालकाला विचारून टेप लावायची, मडगार्डच्या गोलाईवर पुठ्ठा धरून पेन्सिलीने रेघ मारून घ्यायची, मागच्या दिव्याचा फोटो पट्टी शेजारी ठेवून काढायचा. जुन्या गाडीवाला माणूस सहसा नाही म्हणत नाही, उलट बॉनेट उघडून दाखवतो.