नदीला पाणी जास्त म्हणजे मासे जास्त?

‘नदीत जितकं पाणी जास्त, तितके मासे जास्त’ हे वाक्य धरणांच्या चर्चेत हमखास कानावर पडतं. ते सरसकट खरं नाही.

अलास्कातली सुसित्ना नदी घ्या. तिथे जलविद्युत धरण बांधायचं घाटत होतं, म्हणून १९८०च्या दशकात तिच्या मधल्या पट्ट्याची विमानातून छायाचित्रं घेतली गेली. विसर्ग सुमारे २३,००० क्युसेक असताना, मग उतरत ९,००० क्युसेकपर्यंत. जागा तीच, पाणी वेगळं. उन्हाळ्यात मुख्य प्रवाह हिमनद्यांच्या गाळाने राखाडी असतो. कडेच्या फाट्यांत मात्र जमिनीखालून आलेलं नितळ पाणी. छायाचित्रात ते काळपट दिसतं. चम आणि सॉकाय जातीचे सामन मासे तिथे अंडी घालतात. विसर्ग वाढला की फाट्याच्या वरच्या तोंडातून गढूळ पाणी आत घुसतं आणि फाटा मुख्य प्रवाहातच जमा होतो. म्हणून कमी पाणी बरं? तेही नाही, धरणवाल्यांना कितीही आवडलं तरी! पाणी फार उतरलं की खालचं तोंड उथळ पडतं आणि माशांना आत शिरताच येत नाही.

असल्या छायाचित्रांवर मासे मोजतात, हाही एक गैरसमज. मोजतात ते अधिवासाचं क्षेत्रफळ. खोली आणि वेगासाठी पाण्यात उतरावंच लागतं. हिवाळ्यात मात्र गोठलेल्या नदीतले बर्फ न धरलेले पट्टे वरून स्पष्ट दिसतात. तिथे बहुधा खालून तुलनेने उबदार भूजल येत असतं, आणि चमची अंडी अशाच जागी गोठण्यापासून वाचतात.