असाइन की कन्व्हर्ट? वेबसाइटवर फोटो फिका पडतो तेव्हा

फोटोशॉपच्या एडिट मेनूत ‘असाइन प्रोफाइल’ आणि ‘कन्व्हर्ट टू प्रोफाइल’ हे पर्याय एकाखाली एक असतात. नावं जवळची, म्हणून हाताला येईल तो निवडला जातो. मग आपल्या स्क्रीनवर ठसठशीत असलेला फोटो वेबसाइटवर फिका का झाला, ते उमगत नाही.

फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. ते आकडे कोणत्या मापातले, हे प्रोफाइल सांगतं. तापमानाचंच बघा. ‘३० अंश सेल्सिअस’ मधला सेल्सिअस खोडून फॅरनहाइट लिहिलं, तर आकडा तोच राहिला, पण उकाड्याची थंडी झाली. हे असाइन. ‘८६ अंश फॅरनहाइट’ लिहिलं, तर आकडा बदलला आणि उकाडा तसाच राहिला. हे कन्व्हर्ट.

एसआरजीबी आणि अडोबी आरजीबी ही रंगांची अशीच दोन मापं. रंग लाल, हिरवा, निळा या क्रमाने ० ते २५५ मधल्या तीन आकड्यांत लिहितात. एसआरजीबीमधला शुद्ध लाल म्हणजे २५५, ०, ०. अडोबी आरजीबीत तोच लाल २१९, ०, ० असा लिहिला जातो. अशा फाइलला नुसतं एसआरजीबी असाइन केलं की २१९ तसाच राहतो आणि लाल मळकट होतो. कन्व्हर्ट केलं की २५५ होतो.

उजेडाचंही तसंच, आणि हे फार कमी जणांच्या लक्षात येतं. प्रोफोटो आरजीबी या आणखी एका मापाचा गॅमा, म्हणजे आकड्यावरून उजेड ठरवणारा घातांक, १.८ आहे. त्यात १२८ हा आकडा पूर्ण उजेडाच्या सुमारे २९ टक्के; एसआरजीबी समजून वाचला तर सुमारे २२ टक्के. फोटो काळवंडतो, आणि आपण उगाच ब्राइटनेस वाढवत बसतो.

वेबसाठी कन्व्हर्टच हवं, तेही एसआरजीबीत. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने हे माप सर्वसाधारण मॉनिटर डोळ्यांसमोर ठेवूनच मांडलं. सेव्ह करताना प्रोफाइल फाइलमध्ये राहू द्या. नाहीतर मोठ्या रंगपल्ल्याच्या स्क्रीनवर रंग भडक दिसू शकतात. बघणाऱ्याने स्वतःच्या स्क्रीनचा उजेड किती ठेवलाय, ते मात्र आपल्या हातात नाही.

असाइनही निरुपयोगी नाही. प्रोफाइल गळून पडलेल्या फाइलचं मूळ माप माहीत असेल, तर तेच करायचं. शिवाय चुकीचं असाइन सुधारता येतं, कारण आकड्यांना हातच लागलेला नसतो. कन्व्हर्टमध्ये एसआरजीबीबाहेरचे गर्द हिरवे छाटले जातात, ते परत येत नाहीत. म्हणून ते नेहमी प्रतीवर करा.