अंदमानातील स्कूबा डायव्हिंग

पाठीवर हवेची टाकी बांधून, पाण्याखाली श्वास घेत समुद्रतळ पाहण्याचा हा प्रकार भारतात खऱ्या अर्थाने रुजला तो अंदमान बेटांवर, त्यातही हॅवलॉकवर. २०१८ साली या बेटाचे नाव स्वराज द्वीप झाले, पण बोटवाल्यांच्या आणि पर्यटकांच्या तोंडी अजून हॅवलॉकच आहे. सेल्युलर जेल पाहायला आलेली बहुतेक मराठी कुटुंबे पुढे फेरीबोटीने इथे येतात आणि त्यांतली बरीच जण आयुष्यातली पहिली बुडी इथेच मारतात.

टाकीत ऑक्सिजन असतो हा समज सार्वत्रिक आहे आणि तो चुकीचा आहे. टाकीत आपण रोज घेतो तीच साधी हवा असते, साधारण २०० बार म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशेपट दाबाने कोंबलेली. खरी करामत टाकीला जोडलेल्या, तोंडात धरायच्या रेग्युलेटरची. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका, म्हणजे जमिनीवरच्या हवेच्या दाबाएवढा वाढतो आणि तेवढ्या दाबाखाली छाती फुगवून नुसत्या नळीने श्वास घेणे माणसाला जमत नाही. रेग्युलेटर आजूबाजूच्या पाण्याइतक्याच दाबाची हवा, आणि तीही श्वास ओढला तरच, तोंडात सोडतो. हे तंत्र १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी वापरायोग्य केले.

हॅवलॉकची आजची वस्ती प्रामुख्याने बंगाली आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना इथे जमिनी दिल्या गेल्या. गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर ही गावांची नावे त्या वेळची. समुद्राची जाण मात्र करेन समाजाकडून आली. १९२५ च्या सुमारास ब्रह्मदेशातून जंगलकामासाठी आणलेले हे लोक मध्य अंदमानात मायाबंदरजवळ स्थिरावले, आणि पुढे डायव्हिंगच्या बोटींवर नावाडी व पाणबुडे म्हणून त्यांचीच मुले आली. जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल, जॅक्सन्स बार ही इथल्या नामांकित जागांची नावे त्यांच्यातल्याच माणसांवरून पडली आहेत. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते, म्हणून इथे मुद्दाम नोंदवली.

हंगाम ऑक्टोबरअखेरपासून मेपर्यंत. पाणी २७ ते ३० अंश, म्हणजे पातळ सूट पुरतो. नवख्यांना किनाऱ्यालगतच्या नेमो रीफ या प्रवाळपट्ट्यावर नेतात. समुद्रफूल या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या झुलत्या बोटांत लपणारा नारिंगी-पांढरा क्लाउनफिश मासा तिथे हमखास दिसतो. पूर्वेकडे बॅरन बेट आहे, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. तिथे काळ्या राखेच्या उतारावर बुड्या मारता येतात, पण ते अनुभवी लोकांचे काम.

पर्यटक जे करतात ती प्रत्यक्षात चाखून पाहायची बुडी असते. अर्ध्या तासाची तोंडओळख, मग इन्स्ट्रक्टर मागून टाकी धरून फिरवतो, खोली फार तर १२ मीटर. पोहता येत नसले तरी चालते. यात गैर काही नाही, पण याला डायव्हिंग शिकणे म्हणू नये. शिकायचे तर ‘ओपन वॉटर’ हा तीन-चार दिवसांचा अभ्यासक्रम करावा लागतो: थोडा अभ्यास, उथळ पाण्यातले सराव, समुद्रात चार बुड्या. शिवाय २०० मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगणे आलेच पाहिजे. तो पूर्ण केला की जोडीदारासोबत १८ मीटरपर्यंत जाता येते.

पहिला सराव कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकून होतो. मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचे. खारे पाणी डोळ्यांना झोंबते, नाकाशी येते, आणि शरीर ओरडून सांगते की उठ, वर जा. तेव्हा उठायचे नाही. मास्कची वरची कड कपाळावर दाबायची, नजर वर करायची आणि नाकाने सावकाश श्वास सोडायचा. हवा पाण्याला खालच्या कडेने ढकलून देते. हे एकदा जमले की चेहऱ्यावरचा ताण उतरतो, तो इन्स्ट्रक्टरला काचेतूनही दिसतो. पाण्याखाली बोलणे नसते, खुणा असतात. त्यांत अंगठा वर म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘वर चला’. नवखे लोक आनंदाने अंगठा दाखवतात आणि इन्स्ट्रक्टर त्यांना खरोखरच वर घेऊन येतो.

घाट उतरताना कानाला दडे बसतात, तेच पाण्यात दोन-तीन मीटरवरच होते. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की कान मोकळे होतात. दुखेपर्यंत थांबायचे नाही आणि सर्दी असेल तर पाण्यात उतरायचेच नाही. सगळ्यांत मोठा नियम श्वास न रोखण्याचा. १० मीटरवर भरलेले फुप्फुस तसेच धरून वर आले, तर आतली हवा दुप्पट होते आणि फुप्फुस फाटू शकते. दुसरा धोका नायट्रोजनचा. दाबाखाली तो रक्तात विरघळतो, आणि झपाट्याने वर आल्यास सोड्याची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. म्हणून सावकाश वर यायचे आणि ५ मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. याच कारणाने एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास विमानप्रवास टाळावा. सहलीच्या शेवटच्या दिवशी सकाळी बुडी आणि दुपारी विमान असे वेळापत्रक कोणी आखून दिले, तर ते सरळ नाकारावे.

प्रवाळ दगडासारखे दिसले तरी तो असंख्य सूक्ष्म जीवांचा संसार आहे. पाणी फार तापले की हे जीव आपल्यात राहणारे, अन्न पुरवणारे शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात मोठ्या प्रमाणावर हे घडले. २००४ च्या भूकंपाने तर उत्तरेकडचे काही प्रवाळपट्टे उचलून पाण्याबाहेर आणले आणि ते उन्हात मेले. तोल न साधलेल्या माणसाच्या फिन्सचा, म्हणजे पायांतल्या वल्ह्यांसारख्या पट्ट्यांचा, एक फटका प्रवाळाची शिंगांसारखी फांदी मोडायला पुरतो. त्यामुळे शिकवताना तरंगण्याच्या तोलावर जास्त वेळ घालवणारी शाळा निवडावी, मग ती थोडी महाग का असेना.

महाराष्ट्रातही शिकण्याची सोय आहे. मालवणजवळ तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा संस्था असून तिथे प्रशिक्षणासाठी खास तलाव आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात बुड्याही होतात, मात्र तिथले पाणी अंदमानाइतके नितळ नसते. रजा कमी असेल त्यांनी अभ्यास आणि तलावातला भाग घराजवळ उरकून, त्याची नोंद सोबत घेऊन समुद्रातल्या चार बुड्या हॅवलॉकला कराव्यात. बहुतेक प्रशिक्षण पद्धतींत अशी विभागणी चालते.