हेडलाइट पिवळा का पडतो, आणि घासून झाल्यावर खरं काम काय उरतं

सात-आठ वर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या एखाद्या गाडीच्या हेडलाइटवर तांब्याभर पाणी ओतून बघा. धुरकट झालेला दिवा क्षणात बराचसा नितळ होतो, आतला बल्ब आणि रिफ्लेक्टर दिसायला लागतात. पाणी सुकलं की पुन्हा जैसे थे. नीट निरखलं तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. पाण्याने धूसरपणा गेला, पण पिवळेपणा तसाच राहिला. म्हणजे हेडलाइटला दोन वेगवेगळी दुखणी आहेत. एक पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचं, दुसरं रसायनाचं. दोन्हींवर उपाय एकच आहे असं समजून लोक टूथपेस्ट घासत बसतात आणि दोन-तीन महिन्यांत दिवा आधीपेक्षा वाईट दिसायला लागतो.

आधी धूसरपणा पाहू. एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना प्रकाश वळतो, आणि किती वळायचं हे दोघांच्या अपवर्तनांकातल्या फरकावर ठरतं. हवेचा अपवर्तनांक जवळजवळ 1, पाण्याचा 1.33 आणि हेडलाइटच्या प्लास्टिकचा सुमारे 1.58. पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर सगळे किरण शिस्तीत एकाच दिशेला जातात. त्यावर बारीक खड्डे, चरे आणि तडे असतील तर प्रत्येक खड्ड्याच्या उतारावर किरण वेगळ्या दिशेला फेकले जातात आणि दिवा दुधाळ दिसतो. पाणी त्या खड्ड्यांत शिरलं की हवेची जागा घेतं, फरक निम्म्याहून कमी होतो, विखुरणं कमी होतं. तेलाचा अपवर्तनांक प्लास्टिकच्या आणखी जवळ असतो; खोबरेल तेलाचा साधारण 1.45. वडापावच्या कागदावर तेल पसरलं की मागची अक्षरं दिसायला लागतात, त्यामागेही हेच कारण आहे. जुनी गाडी विकायला काढताना हेडलाइटवर तेलाचा हात फिरवतात तोही याच जोरावर. गाडी बघायला जाताना खिशात रुमाल ठेवा आणि दिवा कोरडा पुसून मगच बघा.

पिवळेपणाची गोष्ट जास्त खोल आहे. अॅम्बॅसेडर आणि पद्मिनीच्या गोल दिव्यांना खरी काच होती. दगड लागून ती फुटायची, पण पिवळी कधी पडली नाही. अमेरिकेत 1940 पासून सगळ्या गाड्यांना ठरावीक आकाराचे, काचेचे, पूर्ण बंद दिवे सक्तीचे होते. तो नियम 1983 मध्ये सैल झाला आणि पुढच्याच वर्षी लिंकन मार्क सेव्हन ही गाडी बदलता येणारा बल्ब आणि मनासारखा आकार असलेले दिवे घेऊन आली. त्यानंतर वाऱ्याला कमी अडणारे, बॉनेटच्या वळणात मिसळून जाणारे दिवे सगळीकडे झाले. असे आकार काचेत काढणं महाग आणि जड. पॉलिकार्बोनेट नावाचं पारदर्शक प्लास्टिक साच्यात हवं तसं वळतं, वजनाला काचेच्या निम्म्याहून कमी असतं आणि खडा आदळला तरी सहसा फुटत नाही. जर्मनीत बायरचे हर्मन श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे डॅनियल फॉक्स या दोघांनी 1953 मध्ये एकमेकांना माहीत नसताना ते शोधलं. चष्म्याची भिंगं आणि सीडी याच घराण्यातल्या.

या गुणी प्लास्टिकचं उन्हाशी मात्र वैर आहे. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या उन्हात साधारण 300 नॅनोमीटरपासून पुढचे अतिनील किरण असतात. पॉलिकार्बोनेटच्या लांबलचक साखळ्यांमधले काही बंध हे किरण शोषतात आणि तुटतात. तुटलेली टोकं नव्या पद्धतीने जुळतात, हवेतला ऑक्सिजन त्यांत शिरतो, आणि जी नवी संयुगं तयार होतात ती निळा प्रकाश गिळतात. निळा वजा झाला की उरलेला प्रकाश डोळ्यांना पिवळा दिसतो. शिवाय साखळ्या आखूड झाल्या की पृष्ठभाग ठिसूळ होतो, त्याला केसापेक्षा बारीक तडे जातात, पाऊस आणि रस्त्याची धूळ त्यांतून कण उचलून नेते. अशा रीतीने पिवळेपणातून धूसरपणा जन्माला येतो. दिलासा एवढाच, की ही सगळी पडझड वरच्या थोड्या मायक्रॉनपुरती (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. लेन्सची, म्हणजे दिव्यावरच्या पारदर्शक आवरणाची, दोन-तीन मिलिमीटर जाडी आतून ठणठणीत असते, म्हणून घासून ती परत मिळवता येते.

मग नवी गाडी पहिल्या उन्हाळ्यातच पिवळी का पडत नाही? कारण कारखान्यात लेन्सवर एक कडक पारदर्शक लेप चढवलेला असतो. पॉलिकार्बोनेट मुळात मऊ, सहज ओरखडतं. लेप त्याला ओरखड्यांपासून वाचवतो. त्यात मिसळलेली द्रव्यं अतिनील किरण स्वतः शोषून त्यांची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून देतात. हे काम करता करता ती द्रव्यंही हळूहळू संपत जातात. दुपारी तापणं, रात्री निवणं यात लेप आणि खालचं प्लास्टिक सारखं प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे लेपाला भेगा पडतात. हेडलाइटच्या वरच्या कडेवरून नख फिरवून बघा. आकाशाकडे कललेला तो भाग आधी जातो. तिथे लेपाच्या पापुद्र्याची कड नखाला लागते, आणि तिच्या एका बाजूला दिवा अजून चकचकीत तर दुसऱ्या बाजूला मेणचट पिवळा असतो. म्हणजे आपण जे घासून काढणार आहोत त्यात खराब झालेलं प्लास्टिक जसं आहे तसाच शिल्लक राहिलेला लेपही आहे. घासणं संपेल तेव्हा दिवा चमकत असेल आणि पूर्ण उघडा असेल. माझा सगळा आग्रह इथे आहे: नवा लेप हाताशी नसेल तर जुना सोलू नका.

हे सगळं दिसण्यापुरतं असतं तर मी एवढं लिहिलंही नसतं. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने 2018 मध्ये चाचण्या घेतल्या तेव्हा खराब झालेल्या हेडलाइटमधून नव्याच्या तुलनेत जेमतेम 20 टक्के प्रकाश रस्त्यावर पडत होता. प्रकाश अंतराच्या वर्गाने विरळ होतो, हे धरून हिशेब करा. उजेड एक पंचमांश झाला, तर पूर्वी 100 मीटरवर जेवढा उजेड पडायचा तेवढा आता साधारण 45 मीटरवरच मिळतो. ताशी 80 किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तरी 33 मीटर गेले, आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी पस्तीसेक मीटर. बेरीज 45 च्या बरीच पुढे जाते. ऊस गळीत हंगामात सांगली-कोल्हापूरकडे किंवा नगर-सोलापूर भागात रात्री गाडी चालवणाऱ्यांना मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशी उसाची ट्रॉली अचानक समोर येणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आणि जो प्रकाश रस्त्यावर पडत नाही तो नाहीसा होत नाही. विखुरून वरच्या बाजूला जातो आणि समोरच्याच्या डोळ्यांत शिरतो. आपण डिपर दिलेला असतो, तरी समोरचा वैतागून अप्पर मारतो. अशा वेळी जास्त वॉटचा बल्ब टाकणं हा सर्वांत वाईट उपाय. एच-4 प्रकारचा बल्ब 60/55 वॉटचा असतो. त्याजागी दांडगा बल्ब बसवला तर चकाकी वाढते, आणि उष्णतेने होल्डर, वायरिंग, रिफ्लेक्टर यांची वाट लागते.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवातीला पाण्याची तीच परीक्षा पुन्हा घ्या. पाणी मारूनही दिवा धूसरच राहिला तर दोष आतून आहे किंवा तडे खोलवर गेलेत, वरून घासून हाती फार लागणार नाही. नितळ झाला तर पुढे जा. गाडी सावलीत लावा, दिवा साबणाच्या पाण्याने धुवा आणि आजूबाजूच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन-तीन थर द्या. वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर, एकदा घसरला की बंपरचा रंग गेलाच.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा वॉटर पेपर 800 नंबरपासून सुरू करा. लेप फारच पापुद्र्यांनी सुटला असेल तर 600. पेपर थोडा वेळ पाण्यात भिजवून मऊ होऊ द्या, स्पंजच्या तुकड्याला गुंडाळा, आणि बादलीत सतत बुडवत आडव्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. सुरुवातीला पिवळट दुधासारखं पाणी ओघळतं. ते पांढरं व्हायला लागलं आणि कुठेही चकचकीत ठिपका उरला नाही की हा टप्पा झाला. या क्षणी दिवा आधीपेक्षा भयंकर दिसतो, सगळीकडून पांढराफट्ट. घाबरायचं कारण नाही, काम नीट चाललं असेल तर तो असाच दिसायला हवा. मग 1000 किंवा 1200 नंबरचा पेपर घेऊन उभ्या दिशेने घासा, म्हणजे आधीचे आडवे चरे गेले की नाही ते कळतं. पुढे 1500 पुन्हा आडवा, मग 2000 उभा. टप्पे गाळून 800 वरून एकदम 2000 वर उडी मारली तर खोल चरे तसेच राहतात, आणि ते रात्री दिवा लावल्यावरच दिसतात.

याचं गणित सरळ आहे. 800 नंबरच्या पेपरवरचे कण साधारण 22 मायक्रॉनचे, 2000 नंबरचे 10 मायक्रॉनचे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मात्र 0.4 ते 0.7 मायक्रॉन. म्हणजे 2000 चा पेपर फिरवूनही प्रकाशाच्या दृष्टीने जमीन ओबडधोबडच आहे. पुढची मजल रबिंग कंपाउंड आणि मग बारीक पॉलिश यांनी गाठायची, त्यांतले कण खूपच लहान असतात. टूथपेस्टमध्येही चुन्याचे किंवा सिलिकाचे असे मऊ कण असतात, म्हणून ती थोडीफार चमक आणते. पण मुरलेला पिवळा थर काढायची तिची ताकद नाही आणि संरक्षण तर शून्य. ड्रिलला बफिंग पॅड लावणार असाल तर एका जागी थांबू नका. पॉलिकार्बोनेट 147 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि घर्षणाने आलेला वितळल्याचा डाग पुन्हा 800 पासून सुरुवात करायला लावतो. थिनर, अॅसिटोन, ब्रेक ऑइल यांना दिव्याच्या आसपासही फिरकू देऊ नका, त्यांनी प्लास्टिकला आतून तडे जातात. डास पळवायच्या काही फवाऱ्यांत डीट नावाचं द्रव्य असतं. ते मारल्यावर जुना दिवा क्षणात चमकतो, कारण ते वरचा थर विरघळवून पसरवतं. व्हिडिओत बघायला छान वाटतं, पण दिव्याची त्यात हानी आहे.

किती बारीक घासायचं हे शेवटी कोणता लेप देणार त्यावर ठरतं, आणि इथे पाण्याची परीक्षा तिसऱ्यांदा उपयोगी येते. घासलेल्या दिव्यावर पाणी मारलं की तो जसा दिसेल, साधारण तसाच तो फवाऱ्याचा क्लिअर कोट (फवारून मारायचा पारदर्शक लेप) दिल्यावर दिसतो, कारण क्लिअर कोटही चऱ्यांत शिरून ते भरून काढतो, आणि त्याचा अपवर्तनांक प्लास्टिकच्या बराच जवळ असतो. म्हणून क्लिअर कोटसाठी 1500-2000 वर थांबलेलं उत्तम. बारीक चऱ्यांना लेप धरूनही राहतो. कापडाने पुसून लावायचा पातळ लेप किंवा सिरॅमिक कोटिंग घेतलंत तर ते चरे भरत नाही, तिथे पॉलिशपर्यंत जावंच लागतं. नुसतं वॅक्स काही आठवडेच टिकतं, नेमाने लावत राहणार असाल तरच त्याचा विचार करा.

सर्वांत टिकाऊ म्हणजे दोन भाग मिसळून बनणारा, अतिनील रोधक असलेला क्लिअर कोट. त्याच्या हार्डनरमध्ये, म्हणजे लेप कडक करणाऱ्या भागात, आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. ते श्वासातून गेले तर कायमचा दमा जडू शकतो आणि साधा धुळीचा मास्क त्यापुढे निरुपयोगी आहे. त्यामुळे घासण्याचं काम घरी करा आणि फवारा मात्र योग्य मास्क व बूथ असलेल्या पेंटरकडून मारून घ्या, असं मी मनापासून सांगेन. घरीच सगळं उरकायचं असेल तर पॉलिकार्बोनेटसाठी म्हणून विकला जाणारा पुसायचा लेप किंवा पारदर्शक पीपीएफ फिल्म (गाडीचा रंग वाचवायला वरून चिकटवतात ती) हे सुरक्षित मार्ग आहेत. फिल्म ओरखडे आणि खडेही झेलते, आणि खराब झाली की काढून नवी लावता येते.

लेप देण्याआधी दिवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण कोरडा करा, बोटांचे ठसे नकोत. घासताना वाहणारं पाणी गटारात जाऊ न देता फडक्याने टिपलंत तर तेवढं सूक्ष्म प्लास्टिक ओढ्या-नाल्यांत जायचं वाचेल. हे काम पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत लेप नीट धरत नाही आणि पहिल्या दिवसभरात त्याला पाणी लागता कामा नये. दिवाळीनंतर ते होळीपर्यंतचा काळ बरा. ऑगस्ट-सप्टेंबरात रात्रीच्या प्रवासाने गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी गाडीचं हे काम मेमध्येच उरकून घ्यावं. काम झालं की अंधार पडल्यावर भिंतीसमोर गाडी उभी करून डिपरची कड बघा. आपल्याकडे ती डावीकडे किंचित वर चढलेली आणि उजवीकडे सपाट असायला हवी.

वर उल्लेखलेल्या अमेरिकन चाचणीत घासून दुरुस्त केलेल्या दिव्यांनी नव्याच्या सुमारे 70 टक्के प्रकाश दिला. ही झेप मोठी आहे, पण आतून धुकं धरलेल्या, खोल तडे गेलेल्या किंवा रिफ्लेक्टरचा मुलामा उडालेल्या दिव्याला ती लागू नाही. तिथे नवा दिवा घ्यावा लागतो, आणि तो घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यावर फिल्म लावावी. गाडी रोज उघड्यावरच राहणार असेल तर तिचं तोंड उत्तरेला करून लावायची सवय ठेवा. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचे दिवस सोडले तर महाराष्ट्रात दुपारचा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, आणि त्या कलत्या काळात तो बहुतांशी मागच्या लाल दिव्यांवरच पडतो.